साखर, फॅट आणि वाढणारं पोट: दोष कुणाचा ते राहू द्या, बदल कुठे करायचा ते बघू

डाएटचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते तेल-लोणी बंद करा, दुसरी म्हणते साखर, ब्रेड, भात बंद करा, आणि दोघांकडेही वजन उतरवलेला कुणीतरी एक माणूस पुरावा म्हणून तयार असतो. गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने एक मोठा प्रयोग छापला, ६०९ माणसं, १२ महिने, एका गटाला लो फॅट आणि दुसऱ्याला लो कार्ब (कार्ब म्हणजे साखर आणि स्टार्च). वर्षाच्या शेवटी लो फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात बरोबरीच. पण एक गोष्ट दोन्ही गटांना सारखीच सांगितली होती, ती म्हणजे वरून घातलेली साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवून खा. माझ्या मते खरी बातमी तीच होती, पण भांडायला काही उरत नाही म्हणून ती कुणी सांगत नाही.

तर हा लेख कुठल्याच पार्टीचा नाही. आधी आत काय चालतं ते थोडक्यात, मग एकेक पायरी.

आधी आतलं गणित

साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात आलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, मग स्नायू ते ग्लुकोज आत ओढून घेतात, लिव्हर त्यातलं थोडं ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठवलेला प्रकार) करून ठेवतं. पण हा साठा छोटा असतो, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास, आणि दिवसभर बसूनच काम असेल तर तो रिकामा होतोच कुठे.

फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा, ते बरंचसं लिव्हरमध्येच जातं. ग्लुकोज मोडताना लिव्हरमध्ये एक एन्झाइम टोलनाक्यासारखं बसलेलं असतं, एनर्जी आधीच भरपूर असेल तर ते गाडी अडवतं. फ्रुक्टोज या नाक्याला बायपास करून पुढे निघून जातं. फळातून हळूहळू येतं तेव्हा काहीच बिघडत नाही, पण अर्धा लिटर कोल्ड्रिंकमधून दहा मिनिटांत आलं आणि हे रोजच चालू राहिलं की लिव्हर त्याचं फॅट बनवायला लागतं, रक्तातले ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारं फॅट) वाढतात, आणि काही जणांच्या सोनोग्राफीत मग फॅटी लिव्हर दिसतं.

आता फॅट. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, साखर, स्टार्च किंवा प्रोटीनमध्ये ४. शिवाय फॅट साठवायला शरीराला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, १०० कॅलरीतल्या ० ते ३ पचवण्यात जातात, प्रोटीनमध्ये हाच खर्च २० ते ३० असतो. खाल्लेलं फॅट आहे तसंच साठवणीच्या पेशींत जाऊन बसू शकतं.

आणि आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे ती. साखर आणि फॅट एकत्र आलं की शरीर आधी ग्लुकोज जाळतं, कारण ते जास्त साठवायला जागाच नाही, आणि इन्सुलिन वर असल्यामुळे साठवलेलं फॅट बाहेर सोडण्याचं काम तेवढा वेळ बंद असतं. म्हणजे साखर जळत राहते आणि सोबत खाल्लेलं फॅट आत जातं. लोकांना वाटतं की साखरेचंच फॅट होतं. होतं, पण नेहमीच्या खाण्यात तो रस्ता बराच छोटा आहे, मोठा रस्ता हा आहे की साखरेमुळे फॅट जळायचं राहून जातं.

पण यावरून "इन्सुलिन हाच व्हिलन" असंही म्हणू नका. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या केव्हिन हॉल यांनी १९ लठ्ठ माणसांना संस्थेतच मुक्कामाला ठेवून, घासाघासाचा हिशेब ठेवून हे तपासलं होतं. तेवढ्याच कॅलरी एकदा कार्बमधून कापल्या, एकदा फॅटमधून. कार्ब कापल्यावर इन्सुलिन खाली आलं, फॅट कापल्यावर फारसं हललं नाही, तरी शरीरातलं फॅट मात्र खाण्यातलं फॅट कापल्यावरच जास्त गेलं, दिवसाला ८९ ग्रॅम विरुद्ध ५३ ग्रॅम. प्रयोग सहा-सहा दिवसांचा होता, त्यामुळे त्यावरून कायमचं डाएट ठरवू नका, पण शेवटी एकूण कॅलरी मोजल्या जातातच एवढं त्यातून कळतं.

पायरी १: काट्याआधी टेप घ्या

वजनकाटा सगळ्यांकडे असतो, टेप कुणी काढत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधोमध टेप धरायचा, नेहमीसारखा श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात), आणि आकडा लिहून ठेवायचा. हा आकडा उंचीच्या निम्म्याच्या आत असावा. उंची १६० सेंटीमीटर असेल तर कंबर ८० च्या आत. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) वाईट नाही, २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा असं जगभर धरतात, आशियाई लोकांसाठी डॉक्टर २३ पासूनच सावध करतात, पण फॅट कुठे बसलंय ते बीएमआयला कळत नाही. मांड्यांवरचं फॅट फार त्रास देत नाही, लिव्हर आणि आतड्यांभोवतीचं देतं.

जमलं तर याच वेळी उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) करून घ्या. उपाशी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर ते प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली असावेत. हे आकडे सुरुवातीला हातात असले की नंतर तुलना करता येते, नाहीतर तीन महिन्यांनी नुसतं "हलकं वाटतंय" एवढंच सांगता येतं.

पायरी २: सात दिवस नुसतं लिहा

काहीही बदलू नका, फक्त लिहा. कॅलरीचं अॅप वगैरे नको, तीनच रकाने करा: गोड काय प्यायलं, तेल-लोणी-चीज कुठे कुठे आलं, आणि गोड व तेलकट दोन्ही एकत्र असलेलं काय खाल्लं. केक, बिस्कीट, चॉकलेट, आइस्क्रीम, डोनट हे सगळं तिसऱ्या रकान्यात. चिप्सही तिथेच टाका, गोड नसले तरी स्टार्च आणि तेल एकत्र आहे, शरीराला हिशेब तोच. बहुतेकांचा तिसरा रकाना त्यांना वाटतं त्यापेक्षा लांब निघतो, आणि संध्याकाळी चार ते सहा आणि रात्री जेवणानंतर या दोन वेळांत गर्दी दिसते.

पायरी ३: पिण्यातली साखर पहिली काढा

एकच बदल करायचा असेल तर हा करा, बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

नेहमीच्या गोड कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास, जवळपास नऊ सपाट चमचे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ च्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ते ५० आणि २५ ग्रॅम होतं. म्हणजे एका कॅनमध्येच खालची मर्यादा पार. आणि या मोजणीत मध, सिरप आणि फळांचा ज्यूससुद्धा धरलाय, अख्खं फळ मात्र नाही.

पातळ साखरेचा प्रॉब्लेम असा की पोटाला ती कळतच नाही. २००० साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी जेलीच्या गोळ्यांतून दिल्या आणि चार आठवडे तेवढ्याच कोल्ड्रिंकमधून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी बाकीचं जेवण आपोआप कमी केलं, कोल्ड्रिंकच्या वेळी केलं नाही, ते सगळं वरचं गेलं आणि वजनही वाढलं. सफरचंद आणि सफरचंदाचा ज्यूस यातला फरकही हाच, चावायला वेळ लागतो, फायबर पोटात राहतं, भूक शमते.

कसं करायचं: कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस थेट बंद, त्यात हळूहळू वगैरे काही नाही. चहा-कॉफीत मात्र हळूहळू. दोन चमचे घेत असाल तर दीड, दोन आठवड्यांनी एक, मग अर्धा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ३२ ग्रॅम साखर, हे कुणी गोड खाण्यात मोजतच नाही, "मी गोड खात नाही" म्हणणारी माणसं यातच सापडतात. जीभ काही आठवड्यांत सवय करून घेते आणि मग जुना चहा नकोसा वाटतो.

डाएट कोल्ड्रिंक चालेल का? साखरेच्या कोल्ड्रिंकवरून उतरायला काही दिवस चालेल. पण वजन कमी करायचा उपाय म्हणून गोडी देणारे पदार्थ वापरू नका असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला (ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना तो लागू नाही), आणि मलाही तो पटतो, कारण गोडाची सवय त्याने तशीच राहते.

पायरी ४: पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला जे छापलंय ते विकण्यासाठी असतं, मागचं वाचा. एक नमुना घेऊ, बिस्किटाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला असं लिहिलंय: प्रोटीन ६ ग्रॅम, कार्ब ६८, त्यात साखर २५, फॅट २०. फॅटच्या कॅलरी २० गुणिले ९, म्हणजे १८०. साखरेच्या २५ गुणिले ४, म्हणजे १००. एकूण साधारण ४७६. म्हणजे शंभरातल्या जवळपास ६० कॅलरी नुसत्या साखर आणि फॅटच्या, उरलेल्यात बहुतेक मैदा, आणि प्रोटीन नावाला. आता पाकिटावर "एक सर्व्हिंग २५ ग्रॅम" असं लिहिलेलं असेल तर कॅलरी ११९ च दिसतात आणि मनाला बरं वाटतं, म्हणून नेहमी १०० ग्रॅमचा रकाना बघायचा, दोन वस्तूंची तुलनाही त्यावरच करायची.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या तिनात असेल तर ते गोड खाणं आहे, पुढे ओट्सचं चित्र असलं तरी. कधीकधी साखर तीन-चार नावांनी विभागून येते, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, फ्रूट कॉन्सन्ट्रेट, आणि त्यामुळे प्रत्येकीचा नंबर खाली जातो. माल्टोडेक्स्ट्रिन तर लेबलवर साखरेच्या रकान्यात बहुतेक येतच नाही, पण रक्तातली शुगर ते साखरेइतकंच पटकन वाढवतं. "लो फॅट" लिहिलेलं दही किंवा ड्रेसिंग घेताना साखरेचा रकाना आणि "नो शुगर" लिहिलेलं चॉकलेट घेताना फॅटचा रकाना बघा, एक काढलं की चव टिकवायला दुसरं बऱ्याचदा वाढवलेलं असतं.

साखर अधिक फॅट या जोडीबद्दल अजून थोडं, कारण सगळा घोळ तिथे आहे. निसर्गात दोन्ही एकत्र भरपूर असलेलं खाणं शोधून सापडत नाही, आईचं दूध सोडलं तर. फळात साखर असते पण फॅट नसतं, बदाम-अक्रोडात फॅट असतं पण साखर नाममात्र. २०१८ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या खाऊंसाठी बोली लावायला सांगितलं होतं, तर कॅलरी सारख्याच असूनही फॅट आणि कार्ब दोन्ही असलेल्या खाऊला लोकांनी नुसत्या फॅटच्या किंवा नुसत्या कार्बच्या खाऊपेक्षा जास्त पैसे लावले, आणि मेंदूतल्या बक्षिसाच्या भागाची प्रतिक्रियाही दोघांच्या बेरजेपेक्षा मोठी होती. म्हणून एकट्या साखरेचा डबा घेऊन कुणी चमच्याने खात बसत नाही, एकटं लोणीही कुणी खात नाही, पण दोन्ही कालवून भाजलं की अख्खं पाकीट संपतं. यात तुमच्या मनाच्या ताकदीचा प्रश्न थोडाच आहे, त्यामुळे असं खाणं घरात आणून मग त्याच्याशी लढण्यापेक्षा घरात न आणणं सोपं.

हॉल यांचाच २०१९ चा प्रयोग इथे आठवतो. २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं, ताटात वाढलेली साखर, फॅट, फायबर सगळं सारखं, हवं तेवढं खा. तयार खाण्यावर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि भराभर खात होते, दोन आठवड्यांत साधारण ०.९ किलो वाढले, आणि दुसऱ्या खाण्यावर तेवढेच उतरले.

पायरी ५: तेल मोजायचं, बंद नाही करायचं

तेल बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमचा मधे आणा. एक टेबलस्पून म्हणजे १५ मिली, सुमारे १४ ग्रॅम, १२० कॅलरी. अजून सोपा उपाय म्हणजे महिन्याचा हिशेब. चार माणसांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल लागत असेल तर ३००० भागिले ४ भागिले ३०, म्हणजे माणशी रोज २५ मिली, दोनशेच्या वर कॅलरी, आणि यात बाहेरचं खाणं, लोणी, चीज अजून धरलेलंच नाही. पुढच्या महिन्यात अडीच लिटरच आणायचं, बास, रोज मोजत बसायची गरज नाही.

कुठलं फॅट हा प्रश्न वजनापेक्षा हृदयाच्या दृष्टीने मोठा आहे, कॅलरी सगळ्यांत सारख्याच. लोणी, चरबी, नारळ तेल, पाम तेल यात सॅच्युरेटेड जास्त (नारळ तेलात तर ८० टक्क्यांच्या वर), ते एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल, सोयाबीन तेल, बदाम-अक्रोड, मासे यातलं अनसॅच्युरेटेड. पण सॅच्युरेटेड काढून त्या जागी काय आणता हे बघा. अनसॅच्युरेटेड आणलं तर एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) उतरतं, मैदा-साखर आणली तर हृदयाला काही फायदा नाही. ट्रान्स फॅट मात्र शून्याच्या जवळ, लेबलवर "पार्शली हायड्रोजनेटेड" दिसलं की पाकीट परत ठेवा.

आणि फॅट एकदम शून्यावर नेऊ नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं फॅटशिवाय नीट शोषली जात नाहीत, दोन फॅटी अॅसिड्स शरीर स्वतः बनवूच शकत नाही, आणि फॅट अगदी काढून झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

पायरी ६: भूक आटोक्यात ठेवणारं ताट

कापाकापी झाली, आता भर घाला, नाहीतर आठवड्यात सगळं मूळ पदावर येतं. प्रत्येक जेवणात प्रोटीन हवंच, डाळी, अंडी, मासे, चिकन, दही, पनीर, टोफू जे चालत असेल ते, आणि अर्धं ताट भाजी. आधी भाजी आणि प्रोटीन, मग भात किंवा ब्रेड, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. फुकटचा उपाय आहे.

इथे एक गैरसमज फार चालतो, की भातावर किंवा ब्रेडवर लोणी घातलं की शुगर वाढत नाही म्हणून ते हेल्दी. फॅटमुळे पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे शुगर उशिरा आणि पसरून चढते हे खरं, पण लोण्याच्या कॅलरी कुठे जात नाहीत, आणि वर सांगितलेली जोडी तुम्ही स्वतःच ताटात बनवलीत.

पायरी ७: जेवल्यावर चाला, वेळेवर झोपा

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज आत घेतात, म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी उपयोग होतो. वजन उचलायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, स्नायू वाढले की ग्लुकोज साठवायची जागा वाढते. झोपेचं म्हणाल तर २०२२ च्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्या ८० जाड माणसांना फक्त झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवायला लावली, आणि ते दिवसाला सुमारे २७० कॅलरी आपोआप कमी खायला लागले. डाएटबद्दल त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

पायरी ८: वजन अडकलं तर

पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो गेलं म्हणून नाचू नका. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, कार्ब कमी केलं की ते दोन्ही जातं, आणि एका लग्नात जेवून आलात की परत येतं. रोजचा आकडा सोडा, आठवड्याची सरासरी बघा.

मग सहा-आठ आठवड्यांनी वेग मंदावतो, आणि "माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे" सुरू होतं. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांच्या मोजणीतून दिसलं की शरीराचा आकार लक्षात घेतला तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच राहतो. चाळिशी आली म्हणून इंजिन मंद होत नाही. हां, वजन कमी झाल्यावर मात्र खर्च कमी होतो, कारण शरीर लहान झालं, वर शरीर थोडी काटकसरही करतं आणि लेप्टिन (पोट भरल्याचं मेंदूला सांगणारं हार्मोन) घटल्याने भूक वाढते. म्हणून अडकल्यावर आणखी उपाशी राहण्याआधी पायरी २ चे तीन रकाने परत तीन दिवस लिहून बघा, चमच्याऐवजी बाटली परत आलेली असते किंवा चहातला अर्धा चमचा एक झालेला असतो. तिथे काही सापडलं नाही तर चालणं वाढवा. आणि कंबर कमी होतेय पण काटा हलत नाही, असं असेल तर काहीच बदलू नका.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

इन्सुलिन घेणारे किंवा डायबेटिसच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे, कारण साखर-स्टार्च एकदम कमी केलं आणि डोस तोच राहिला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर बायका, वाढीच्या वयातली मुलं, किडनीचा त्रास असलेले, आणि खाण्यावरून मन सतत अस्वस्थ राहतं असे लोक. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तर घरगुती प्रयोग नकोच, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

बाकीच्यांनी तीन महिन्यांनी त्याच टेस्ट परत करायच्या. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे महिन्यातच केली तर पैसे वाया. ट्रायग्लिसराइड त्यापेक्षा लवकर हलतात, पण आदल्या दिवशी पार्टी किंवा दारू झाली असेल तर आकडा फुगून येतो, तेव्हा चार दिवस पुढे ढकला आणि सकाळी उपाशीपोटीच जा.